किनवटच्या पाण्यात नापास झालेली नॅनो-ॲल्युमिना

मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने २०१९ मध्ये एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवलेला, ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) अतिसूक्ष्म कणांनी पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्यावरचा शोधनिबंध परत घेतला. परीक्षकांचे अभिप्राय आले होते. काही दुरुस्त्या करून दिल्या की निबंध छापून येणार, हे जवळपास ठरलेलं होतं. बढतीची फाइलही त्याच वर्षी जायची होती. निबंधात चोरी नव्हती, आकडे बनवलेले नव्हते, तरी तो मागे घेतला. का घेतला, त्याची किंमत कोणी मोजली आणि पुढे काय झालं, एवढ्यापुरतं हे प्रकरण आहे.

नाव आणि कॉलेज देत नाही. त्यांना मॅडम म्हणू, विभागातही सगळे तेच म्हणतात. याच भागात नॅनोवर, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या बारीक कणांवर काम करणाऱ्या आणखी दोघा-तिघांच्या आयुष्यातले तपशील यात मिसळून प्रकरण बांधलं आहे, त्यामुळे ओळखायच्या फंदात कोणी पडू नये. रसायन मात्र जसंच्या तसं आहे.

मॅडम मूळच्या सेंद्रिय रसायनातल्या. त्यांनी एम.एस्सी. केलं तेव्हा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ व्हायचं होतं. ते १९९४ मध्ये झालं, तोवर सगळा मराठवाडा १९५८ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या विद्यापीठाखाली होता. मग सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग नोकरी, आणि नोकरी सांभाळत पीएच.डी. विषय ठरलेला: क्विनोलीन, बेंझिमिडाझोल अशी नायट्रोजनची वलयं एकाच भांड्यात, कमी वेळात, चांगल्या उताऱ्याने बनवायची. या प्रकारच्या कामात उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, बदलला की नवा निबंध होतो. हे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

नॅनोच्या वाटेवर त्या उत्प्रेरकाच्या दारानेच आल्या. आधी झिंक ऑक्साइडचे बारीक कण, मग चुंबकीय लोह ऑक्साइड. याचा फायदा असा, की अभिक्रिया संपली की भांड्याला बाहेरून चुंबक लावायचा, उत्प्रेरक काचेला चिकटून बसतो, द्रावण ओतून घ्यायचं. केंद्र सरकारने २००७ मध्ये हजार कोटी रुपयांचं नॅनो मिशन जाहीर केलं होतं आणि शब्दाला वजन आलं होतं. छोट्या कॉलेजांच्या लघुशोध प्रकल्पांच्या शीर्षकांतही तो दिसू लागला.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. नॅनोकण बनवायला फार काही लागत नाही. हॉट प्लेट, मॅग्नेटिक स्टरर, ब्युरेट आणि मफल फर्नेस एवढ्यावर काम होतं, आणि म्हणूनच हा विषय तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोचला. महाग आहे ते बघणं. एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र विद्यापीठात मिळतं, त्याच्या आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने कणाचा आकार काढता येतो. पण परीक्षक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं मागतातच. मग चिमूटभर पावडर लेबल लावलेल्या बाटलीत घालून, बाटल्या कापसात गुंडाळून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून पवईला आयआयटीच्या उपकरण केंद्रात. तारीख मिळते, पैसे भरावे लागतात, आणि हातात मोजकी छायाचित्रं पडतात. त्यातलं सगळ्यात देखणं निबंधात जातं. जगभर असंच होतं. फक्त ज्याच्या इमारतीत यंत्र आहे तो दुसऱ्या दिवशी परत बघू शकतो, नांदेड-परभणीच्या माणसाला त्यासाठी पुन्हा रिझर्वेशन काढावं लागतं.

भारनियमनाची वर्षंही याच काळातली. ॲल्युमिनियमच्या क्षारापासून मिळवलेला जेल वाळवून ५०० अंशांच्या आसपास काही तास भाजला की गॅमा ॲल्युमिना मिळते. भट्टी मध्येच गार झाली तर दोन घाण्यांची पावडर सारखी निघत नाही. मॅडमचे विद्यार्थी लाइटचं वेळापत्रक बघून रात्री भट्टी लावायचे. त्यांच्या प्रयोगवह्यांत तापमानाशेजारी 'लाइट गेली' अशी नोंद सापडते. मला विचाराल तर कुठल्याही छापील निबंधापेक्षा ही नोंद जास्त शास्त्रीय आहे.

ॲल्युमिनाकडे त्या वळल्या ते प्रात्यक्षिकाच्या बॅचमधल्या मुलांचे दात बघून. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडून, किनवट तालुक्यातून येणाऱ्या काही मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे असत. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर वसला आहे, पण नांदेडच्या पूर्वेकडे जुना ग्रॅनाइट वर येतो आणि त्यातल्या खनिजांत फ्लोरीन असतं. बोअरचं पाणी खडकात जितकं मुरतं तितकं फ्लोराइड सुटतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. पण इथल्या खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त, मग फ्लोराइड पाण्यातच राहतं. गंमत म्हणजे असं पाणी चवीला चांगलं लागतं, साबणाला फेस येतो, भांड्यावर खार धरत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर गेलं की आधी दात, आणि बरंच जास्त असेल व वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधे.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नालगोंडा पद्धत, म्हणजे चुना आणि तुरटी घालून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवणं, पन्नासेक वर्षं जुनी आहे. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे फिल्टरही जुनेच. मॅडमचा विचार सरळ होता: ॲल्युमिना नॅनो केली तर पृष्ठफळ वाढेल, फ्लोराइड जास्त धरलं जाईल.

हा हिशोब कागदावर फारच सुंदर दिसतो. १ मिलिमीटर व्यासाच्या भरीव गोळ्यांची एक ग्रॅम ॲल्युमिना घेतली तर तिचं बाहेरचं पृष्ठफळ १५ चौरस सेंटिमीटर भरतं, १० नॅनोमीटरच्या गोळ्यांची घेतली तर १५० चौरस मीटर. एक लाख पट फरक नसता तरच नवल, व्यास तितक्याच पटीने कमी झाला आहे. पण पोत्यात मिळणारी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना भरीव नसते, तिच्या पोटात सूक्ष्म छिद्रांचं जाळं असतं आणि तिचं पृष्ठफळ ग्रॅमला २०० ते ३०० चौरस मीटर आधीच असतं. म्हणजे या शर्यतीत नॅनो पावडर पहिल्या पावलालाच बरोबरीत किंवा मागे. तिचा खरा फायदा वेगाचा: फ्लोराइडला आत छिद्रांतून रांगत जावं लागत नाही. हा फरक निबंधांच्या प्रस्तावनेत क्वचितच लिहिलेला सापडतो.

प्रयोग मात्र झकास झाले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवायचं, १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतची द्रावणं करायची, पावडर टाकून हलवायची, गाळून उरलेलं फ्लोराइड मोजायचं. मग आकडे पृष्ठभागाला किती पदार्थ चिकटतो ते सांगणाऱ्या लँगम्यूरच्या समीकरणात बसवून कमाल क्षमता काढायची. (शेररचं सूत्र आणि लँगम्यूरचं समीकरण दोन्ही १९१८ सालची. आजचे निम्मे नॅनो-निबंध त्याच दोन खांबांवर उभे आहेत.) क्षमता आली ग्रॅमला ६० मिलिग्रॅमच्या घरात. निबंधाच्या शीर्षकात 'पिण्याच्या पाण्यातून' असे शब्द आले आणि निबंध गेला.

परीक्षकांपैकी एकाने विचारलं: प्रत्यक्ष गावातल्या पाण्यावर करून पाहिलं का? योग्य प्रश्न होता. मॅडमचा संशोधक विद्यार्थी किनवटकडच्या एका गावातून हापशाचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आला.

पावडर त्या पाण्यात जवळपास गप्प बसली. कारण समजायला वेळ लागला नाही. पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचं माप, सातच्या खाली आम्ल) आठच्या वर होता. तिथे ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावरचा धनभार संपत आलेला असतो, फ्लोराइड हा ऋण आयन तिथे येऊन बसायला फारसा उत्सुक नसतो. त्यात बायकार्बोनेट, विरघळलेली सिलिका आणि हायड्रॉक्साइड, सगळे त्याच जागांसाठी रांगेत. ॲल्युमिनाला पीएच साडेपाच ते साडेसहा लागतो, हे जुन्या हस्तपुस्तिकांतही दिलेलं असतं. म्हणून पाण्यात थोडं आम्ल घालून पीएच खाली आणला. फ्लोराइड मर्यादेच्या आत आलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, परीक्षकाला द्यायचं उत्तर लिहून तयार झालं.

खरी अडचण इथून सुरू होते. आतापर्यंतची मोजणी स्पॅडन्स नावाच्या रंगपद्धतीने होत होती. झिर्कोनियम आणि रंगद्रव्य यांच्या लाल संयुगातून फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून नेतं आणि रंग फिका होतो. जितका फिका, तितकं फ्लोराइड. त्याच महिन्यात विभागात नवा फ्लोराइड इलेक्ट्रोड आला. विद्यार्थ्याने सवयीने तेच नमुने त्यावरही मोजले, आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे टिसॅब नावाचं बफर घालून मोजले. रंगपद्धतीने पास झालेलं पाणी इलेक्ट्रोडवर नापास झालं.

इलेक्ट्रोड बिघडला असेल म्हणून दोन दिवस त्याच्यावरच संशय. मग कारण सापडलं. आम्ल घातल्यावर ॲल्युमिना किंचित विरघळते. विरघळलेलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट धरतं, आणि असं धरलेलं फ्लोराइड रंगपद्धतीला दिसत नाही. टिसॅबमधलं एक द्रव्य ॲल्युमिनियमला स्वतःकडे ओढून फ्लोराइड मोकळं करतं, म्हणून इलेक्ट्रोडला ते दिसलं. म्हणजे 'काढलेल्या' फ्लोराइडचा एक भाग पाण्यातच होता, नुसता लपलेला. पिणाऱ्याच्या पोटात तो जाणारच होता. शिवाय विरघळलेलं ॲल्युमिनियम वेगळंच: पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे आणि हे पाणी तिच्या वर होतं.

डिस्टिल्ड वॉटरमधले प्रयोग यामुळे खोटे ठरले नव्हते. ते पुन्हा टिसॅब घालून मोजले, थोडा फरक पडला, गाभा टिकला. बाहेरच्या मोठ्या संस्थेतले सहलेखक अनुभवी होते. त्यांनी फोनवर व्यवहार्य मार्ग सुचवला: गावच्या पाण्याचा भाग काढून टाका, शीर्षकातले दोन शब्द बदला, परीक्षकाला लिहा की प्रत्यक्ष पाण्यावरचं काम पुढच्या निबंधात. यात एकही वाक्य खोटं नसतं. असे निबंध दर महिन्याला छापून येतात, आणि सहलेखक वाईट माणूस नव्हते, ते फक्त व्यवसायाची रीत सांगत होते.

त्या निबंधाचं बढतीतलं वजन बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विज्ञानाच्या निबंधाला गुण मिळतात ते नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे त्यातल्या निबंधांचा इतर निबंध सरासरी किती वेळा संदर्भ देतात त्या आकड्याप्रमाणे. तो २ ते ५ च्या दरम्यान असेल तर वीस गुण, आणि त्यातला ७० टक्के वाटा मुख्य लेखकाला. हापशाच्या पाण्यावर पदार्थ चालत नाही हे शोधून काढण्याला या तक्त्यात वेगळा रकाना नाही.

मॅडमनी सहलेखकांना उत्तर दिलं ते मला त्यांनीच सांगितलं: "सर, क्षमतेचा आकडा आपण १०० मिलिग्रॅमच्या द्रावणातून काढलाय. एवढं फ्लोराइड त्या तालुक्यात कुठल्या हापशाला येतं?" मुद्दा बिनतोड आहे. लँगम्यूरची कमाल क्षमता ही पृष्ठभाग पूर्ण भरल्यावरची. प्यायच्या पाण्यात शेवटी लिटरला १ मिलिग्रॅमच उरवायचं असतं, आणि इतक्या विरळ पाण्यात पृष्ठभाग कधीच भरत नाही. हिशोबच मांडू. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर पाणी. फ्लोराइड ४ वरून १ वर आणायचं म्हणजे रोज ६० मिलिग्रॅम काढायचं. निबंधातली क्षमता धरली तर एक किलो ॲल्युमिना हजार दिवस पुरते, पावणेतीन वर्षं. त्याच पाण्यात, त्याच्या स्वतःच्या पीएचला, ग्रॅमला १ मिलिग्रॅम क्षमता धरली तर सोळा-सतरा दिवस. पहिल्या आकड्यावर योजना आखता येते, दुसऱ्यावर दर पंधरवड्याला कोणीतरी गावात यावं लागतं.

निबंध मागे घेतला.

यात मला अस्वस्थ करणारा भाग वेगळा आहे. मॅडमची नोकरी कायम होती. पगार थांबणार नव्हता, बढती लांबणार एवढंच. विद्यार्थ्याचं तसं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, फेलोशिप संपत आलेली, आणि तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमानुसार प्रबंध सादर करण्याआधी निदान एक निबंध छापून यावा लागे. (ही अट २०२२ च्या नियमांत गेली, त्याच्यासाठी उशिरा.) तो पहिला लेखक होता. त्याला विचारलं का? मॅडम म्हणतात, सांगितलं. विचारलं असं त्या म्हणत नाहीत. त्याने "ठीक आहे मॅडम" म्हटलं. मार्गदर्शकापुढे आपल्याकडचा विद्यार्थी दुसरं काय म्हणणार? निर्णय बरोबर होता असं मी धरून चालतो, पण तो दोघांचा होता आणि एकाने घेतला. या प्रकरणावर चर्चा करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये.

पुढे दोघांनी मोजणीतल्या तफावतीवरच छोटा निबंध लिहिला: ॲल्युमिनियमयुक्त पाण्यात रंगपद्धत फ्लोराइड किती कमी दाखवते. तो एका साध्या नियतकालिकात आला. कोविडमुळे वर्ष गेलं, प्रबंध उशिरा झाला. आज तो मुलगा एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत आहे. मॅडमना प्राध्यापकपद मिळालं ते नंतर, जुन्या उत्प्रेरकांवरच्या निबंधांच्या बळावर.

दरम्यान गावात काय झालं? आम्ल घालण्याचा प्रयोग काही घरांत करून पाहिला होता, मोजणीचा घोळ कळायच्या आधी. तो बंद पडला तो ॲल्युमिनियममुळे नव्हे. एका मावशींनी सांगितलं: "मॅडम, ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजंनाच झाली. आमच्या हापशाच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत व्हायली." बरोबर होतं त्यांचं. सोडियम बायकार्बोनेटचं पाणी म्हणजे सोडा घातलेलंच पाणी, त्यात डाळ लवकर मऊ पडते. आम्लाने तो सोडा मारला की डाळीला वेळ लागतो. पाण्याच्या स्वीकाराबद्दलचा कुठलाही प्रश्नावलीचा फॉर्म भरण्याआधी एक वाटी डाळ शिजवून बघावी, असं मॅडम आता नव्या विद्यार्थ्यांना सांगतात. मी हे सल्ल्यापेक्षा प्रयोगपद्धती म्हणून घेतो.

पावडर फिल्टरमध्ये भरण्याचाही प्रयत्न झाला. कण जितके बारीक तितकं त्यांच्यातून पाणी जाणं अवघड, आणि हा अडथळा व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. नळकांडं चोंदलं. पावडरचे दाणे बनवावे लागतात, आणि दाणा बनवला की नॅनोचा वेगाचा फायदा बराचसा गेला. मद्रास आयआयटीतल्या टी. प्रदीप यांच्या गटाने चिटोसान या जैविक द्रव्याने बांधलेल्या दाणेदार नॅनोपदार्थांवरचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. आर्सेनिक काढायच्या त्यांच्या फिल्टरमागे नुसता पदार्थ नाही, दाणा, नळकांडं, तपासणी, देखभाल हे सगळं आहे, आणि त्याला मोठा गट व बरीच वर्षं लागली. एका प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांसह आठवड्याला सोळा तास शिकवून ते करावं, ही अपेक्षाच चुकीची. मॅडमनी हे कबूल करायला उशीर केला असं माझं मत आहे. पदार्थ बनवण्याआधी एकदा किनवटला जाऊन आल्या असत्या तर निम्मी वर्षं वाचली असती.

जे झालं ते साधं. इलेक्ट्रोड आणि टिसॅबची बाटली घेऊन विद्यार्थ्यांनी गावातला प्रत्येक हापसा, बोअर आणि विहीर मोजली. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, फ्लोराइड मर्यादेत असलेला आणि मर्यादेच्या कितीतरी वर असलेला असे दोन हापसे निघाले. उथळ विहिरींचं पाणी बहुधा बरं होतं. यादी ग्रामपंचायतीला दिली, काही हापशांना लाल रंग लागला. नळयोजनेचं पाणी पुढे आलं, उन्हाळ्यात ते आटतं तेव्हा बाया यादी बघून हापसा निवडतात, निदान काही घरांत तरी. नॅनो यात कुठेच नाही.

ॲल्युमिनाचा फिल्टर शाळेसाठी मात्र चालू आहे: बाजारातली साधी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, आम्ल न घालता, पाणी फक्त प्यायचं. ती लवकर भरते आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन परत वापरावी लागते. त्या धुण्याच्या पाण्यात साचलेलं सगळं फ्लोराइड एकदम उतरतं. ते नाल्यात सोडलं तर त्याच जमिनीत परत. सध्याच्या विद्यार्थिनीचा विषय हाच आहे. चुना घालून फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली बसवता येतं, पण ते स्वतः लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे जवळपास ८ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात राहतंच. जास्तीचं कॅल्शियम घातलं तर आणखी उतरतं, किती ते ती मोजते आहे. उरलेलं पाणी शाळेमागे उथळ टाक्यात उन्हाने आटवावं असं ठरत होतं. पावसाळ्याचे चार महिने त्या टाक्याचं काय करायचं, असं ग्रामसेवकाने विचारलं, आणि जागेचा ठराव तिथे अडला आहे.